खंदारे सरांनी लिहिलेलं शून्य

खंदारे सर वर्गात शिरले की आधी फळा पुसायचे. तो पुसलेला असला तरी पुसायचे. मग खिशातून कागदात गुंडाळलेला खडू काढायचे, फळ्याच्या डाव्या टोकाला एक ठिपका द्यायचे, उजव्या टोकाला दुसरा, आणि मधला अख्खा फळा रिकामा सोडून मुलांकडं वळायचे. "हे सुरुवातीला होतं. हे शेवटी झालं. आता मधी काय झालं ते कोण सांगतंय?" कुणीतरी धीर करून उठायचं, काहीतरी सांगायचं. सर त्या दोन ठिपक्यांमध्ये वेडीवाकडी रेघ ओढायचे, ती सगळ्यांना नीट दिसू द्यायचे आणि तळहातानं पुसून टाकायचे. "झालं ते जाऊ द्या. त्या रस्त्यानं हिशोब लागत न्हाई. आपण आपला रस्ता बांधू." मग सावकाश, खडूचा आवाज येऊ न देता, एक सरळ रेघ. एंट्रॉपीचा त्यांचा पहिला तास दर वर्षी असाच व्हायचा, आणि पोरं दर वर्षी गोंधळून बाहेर पडायची.

मी सेलूच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सर फिजिक्सचे. आमच्या विभागाचं छत गळायला लागलं तेव्हा मला एका पावसाळ्यापुरतं त्यांच्या स्टाफरूममध्ये टेबल दिलं होतं. छत दुरुस्त झालं तरी मी तिथून हलले नाही. भांडायला इतका चांगला माणूस दुसरीकडं मिळाला नसता. वायूनं काम केलं की जुने फिजिक्सवाले ते अधिक धरतात, आम्ही केमिस्ट्रीवाले उणे धरतो, यावरून आमची वर्षानुवर्षं जुंपायची. "मॅडम, तुमच्या केमिस्ट्रीत काम करणाऱ्याच्या नावावर उणंच कामून पडतं हो?" ते डबा उघडता उघडता विचारायचे. मी म्हणायचे, "कारण काम केलं की करणाऱ्याचं काहीतरी जातं, सर." यावर ते आवाज न करता हसायचे. फक्त खांदे हलायचे आणि चष्मा नाकावर खाली यायचा.

माणूस गोड मुळीच नव्हता. उशिरा आलेल्या पोराला कारण सांगू द्यायचे नाहीत. पोरगं एसटीचं, पंक्चरचं, पुलावरच्या पाण्याचं सांगायला लागलं की हात वर करायचे. "तू घरी होतास. आता इथं हायेस. तास अर्धा संपला. मधलं मला नको." प्रयोगशाळेच्या किल्लीवरून दोघा सहकाऱ्यांचं कडाक्याचं भांडण झालं, दोघंही सरांकडं आपापली बाजू घेऊन आले, तर सरांनी दोघांनाही तेच ऐकवलं. किल्ली सकाळी कुठं होती, आता कुठं हाय? टेबलावर? मग संपलं. ते दोघं किल्लीचं विसरून सरांवरच चिडले. मलाही कधीकधी या वाक्याचा संताप यायचा. माणसं भौतिकशास्त्रातले वायू नसतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, असं वाटायचं.

पण शिकवावं तर त्यांनीच. हिवाळ्यात जिनिंगचा हंगाम सुरू झाला की ते पोरांना घेऊन एका ओळखीच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये जायचे. एकदा हट्टानं मीही गेले. आवारात पांढऱ्या कापसाचे ढीग, आणि पलीकडं प्रेसमधून निघालेल्या घट्ट गाठी, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या. सरांनी मालकाला एका गाठीच्या पट्ट्या तोडायला लावल्या. मालक कुरकुरला, पण तोही एकेकाळी सरांचाच विद्यार्थी होता. पट्ट्या तुटल्या आणि गाठ फसकन फुगली.

"ह्या कापसानं कुणाला ढकललं का?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर."

"काही उचललं?"

"न्हाई."

"मंग काहीच झालं न्हाई म्हणा. कर बरं परत गाठ."

एका पोरानं खरंच दोन्ही हातांनी कापूस दाबून पाहिला. सगळे हसले. सर हसले नाहीत. "कापूस म्हंजे वायू न्हाई, हे ध्यानात ठेवा. पण बघा, काही दिलं न्हाई, काही घेतलं न्हाई, तरी बदल झाला. अन् तो आपोआप मागं फिरत न्हाई. ह्याचं माप पाहिजे का नको?"

ते माप म्हणजे एंट्रॉपी. पुढं जे घडलं ते कळायला एवढं एकच गणित लागतं, म्हणून सांगते. चारी बाजूंनी बंदिस्त, उष्णता आतबाहेर जाणार नाही अशा डब्याच्या अर्ध्या भागात वायू कोंडलेला आहे, उरलेला अर्धा रिकामा आहे. मधला पडदा फोडला की वायू सगळीकडं पसरतो. एंट्रॉपीतला बदल म्हणजे उष्णता भागिले तापमान, एवढंच पाठ केलेलं पोर बघतं की उष्णता आलीच नाही, आणि झटक्यात शून्य लिहितं. तिथंच फसतं. ते सूत्र फक्त रिव्हर्सिबल, म्हणजे कुठल्याही क्षणी उलट फिरता येईल अशाच रस्त्याला लागू पडतं, आणि फुटलेला पडदा उलट फिरत नाही. म्हणून घडलेला रस्ता सोडायचा. तीच सुरुवात आणि तोच शेवट असलेला दुसरा रस्ता मनानं बांधायचा: दट्ट्या अगदी हळूहळू सरकतोय, आणि तापमान उतरू नये म्हणून बाहेरून हवी तेवढी उष्णता दिली जातेय. त्या मनातल्या उष्णतेला तापमानानं भागलं की खऱ्या बदलाचं माप हातात येतं. एक मोल वायूचं आकारमान दुप्पट झालं तर ते येतं पाच पूर्णांक शहात्तर. शून्य नाही येत.

हे गणित म्हणजे सरांचा जीव की प्राण. त्यात त्यांना थोडा गर्वही होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. पेपर तपासणीच्या वेळी दोन प्राध्यापकांचा एखाद्या उत्तरावरून वाद झाला की फोन सरांनाच यायचा. "माझ्या उत्तराला हात लावायचा न्हाई," असं ते फोनवर म्हणायचे आणि खरंच कुणी लावायचं नाही.

त्या वर्षी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, परभणीला दवाखान्यात होत्या. सर सकाळी दोन तास घेऊन रेल्वेनं परभणीला जायचे, रात्री काकूंजवळ बसायचे, पहाटेच्या गाडीनं परत. विद्यापीठाच्या थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरचं काम त्याच दिवसांत त्यांच्याकडं आलं. पेपर कोण काढतं हे गुपित असतं. मलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्यांनी पेपर काढला आणि तपासणाऱ्यांना पाठवायचं मॉडेल आन्सरही तिथंच लिहिलं. काकू त्या उन्हाळ्यात गेल्या. सर तेराव्यानंतर कॉलेजात आले, फळा पुसला, आणि शिकवायला लागले.

पावसाळ्यात एके दिवशी सविता गडदे स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. येलदरीच्या अलीकडच्या एका खेड्यातली पोरगी. घरी मेंढरं. वडलांनी तिला सेलूच्या होस्टेलला ठेवलं होतं ते एका बोलीवर, पास होत राहायचं. एका वर्गात जरी अडकली तरी गाठोडं बांधून घरी. तीन वर्षं ती अडकली नव्हती. आता शेवटच्या वर्षी सगळे विषय सुटले होते आणि थर्मोच्या पेपरात ती चार मार्कांनी गेली होती. एमएस्सीच्या प्रवेशाला थोडेच दिवस राहिले होते. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून ती पहिल्या एसटीनं आली होती.

"सर, हे बघा की. माझं काय चुकलं तेच कळंना झालंय."

सरांनी चष्मा पुसला आणि कागद हातात घेतला. प्रश्नाचे दोन भाग होते. पहिल्यात तोच डबा, पण वायू दट्ट्याला ढकलत अगदी हळूहळू पसरतो. हा रस्ताच रिव्हर्सिबल, उष्णता आत येत नाही, म्हणून उत्तर शून्य. दुसऱ्यात पडदा फुटतो. सवितानं दोन ठिपके काढले होते, मध्ये सरळ रेघ काढली होती आणि पाच पूर्णांक शहात्तर लिहिलं होतं. त्यावर लाल शाईची फुली, आणि बाजूला भोपळा.

"तुमी शिकवलंव तसंच लिवलंय सर. विद्यापीठात चौकशी केली तर म्हणले, मॉडेल आन्सरमधी दोन्हीला शून्यच हाय. मंग पुस्तकात खोटं हाय का?"

सर कागदाकडं बघत राहिले. मी समोरच्या टेबलावरून बघत होते, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ते उठले, माठातलं पाणी घेऊन स्वतः तिला दिलं, आणि ती पिऊन होईपर्यंत उभेच राहिले.

"तुझं बरोबर हाय, सविता. मॉडेल आन्सर चूक हाय."

"कुणी काढलाय सर असला पेपर?"

"मी," सर म्हणाले.

त्या पोरीला काय करावं कळेना. रिकामा पेला तिनं हातातच धरून ठेवला. "जाऊ द्या सर," ती म्हणाली, जणू समजूत सरांची काढायची होती. सरांना कुणी ओरडलं असतं तरी एवढं लागलं नसतं, असं मला वाटतं.

ती गेल्यावर सरांनी सांगितलं ते एवढंच. पहिल्या भागाचं शून्य लिहिलं, आणि हातानं दुसऱ्यापुढंही तेच लिहिलं. परत वाचायचं राहिलं. तपासणाऱ्यांपैकी निदान दोघा-तिघांना तरी ते खटकलं असणार. पण मॉडेल आन्सरवरच्या टिपणाची भाषा, ती दोन टोकांची पद्धत बघून त्यांनी ओळखलं असणार की पेपर खंदारे सरांचा आहे, आणि आपलंच काहीतरी चुकत असेल असं समजून त्यांनी जिल्हाभरातल्या पोरांच्या बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या. सरांच्या उत्तराला हात लावायचा नाही, हे त्यांना सरांनीच शिकवलेलं होतं. हे मी बोलून दाखवलं नाही. सरांना ते माझ्याआधीच कळलं होतं.

प्राचार्यांनी त्यांना समजावून पाहिलं. सरांची रिटायरमेंट दिवाळीच्या सुमाराला होती. "सर, थोडे महिने ऱ्हायलेत. पेपर कुणी काढला कुणाला म्हाईत न्हाई. पोरगी रिव्हॅल्युएशन टाकंल, बघतील तिथले." सर म्हणाले, "रिव्हॅल्युएशनला पण तेच मॉडेल आन्सर जातंय. परत शून्यच पडंल." आणि अर्ज लिहायला बसले.

अर्ज तीन ओळींचा होता. अमुक पेपर मी काढला. अमुक प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं मी दिलेलं उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर हे, सर्व उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात. मी वाचलं आणि मला राग आला.

"सर, काकूंच्या आजारपणाचं लिहा. दवाखान्यात बसून लिहिलं होतं हे लिहा. ते तरी समजून घेतील."

"मधलं कशाला? आधी पोरांचं बरोबर होतं, आता चूक ठरलंय. पोरांचे मार्क गेलेत. तेवढंच खरं."

"एंट्रॉपी रस्ता विचारत नसेल," मी म्हणाले, "पण उष्णता तर रस्त्यावरच ठरते ना, सर? कुठल्या रस्त्यानं गेला त्यावर माणूस किती पोळतो ते ठरतं. हे तुम्हीच शिकवता."

ते अर्ज हातात घेऊन खिडकीशी गेले. मग चष्मा काढला, डोळे पुसले, आणि मला वाटलं आता लिहितील.

"ती उष्णता माझी हाय, मॅडम," ते म्हणाले. "ती अर्जात लिवायची न्हाई."

विद्यापीठात त्यांनी स्वतः जाऊन अर्ज दिला, उत्तर येईना तेव्हा पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले. ज्या इमारतीत त्यांना बसायला खुर्ची पुढं केली जायची तिथं ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेवटी समिती बसली, त्या प्रश्नाची सगळी उत्तरं पुन्हा तपासली गेली, कितीतरी पोरांचे मार्क वाढले. सविता पास झाली. सरांना यापुढं परीक्षेचं कुठलंही काम देऊ नये असं पत्र आलं. ते त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तासाला गेले. पण सुधारलेला निकाल लागेपर्यंत एमएस्सीचे प्रवेश बंद झाले होते. सवितानं होस्टेल सोडलं होतं.

दिवाळी झाल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी येलदरीकडं नेता का? मला एकट्याला तिच्या बापापुढं उभं ऱ्हायचं धाडस होईना गेलंय." मी त्यांच्या तोंडून असं काही पहिल्यांदाच ऐकलं. मी स्कुटी काढली, सर मागं बसले.

सविताचे वडील, मारोती गडदे, मेंढरांच्या कुंपणाला काटे लावत होते. त्यांनी बाज टाकली. सर बसले नाहीत.

"मारोतराव, तुमची पोरगी नापास झालीच नव्हती. तिचं बरोबर होतं. गलती माझी हाय. ते सांगायला आलोय." आणि सरांनी हात जोडले.

मारोतरावांनी हातातले काटे खाली टाकले. सविता दाराआड उभी होती.

"म्हंजे आमी तिला उगंच बोललो," ते म्हणाले. "लय बोललो, सर. हिच्या मायनं तर किती दिवस तोंडच बघितलं न्हाई हिचं. फुकटचं होस्टेलात खाल्लं म्हणली." त्यांनी दाराकडं पाहिलं. "आता ते बोलणं कसं माघारी घ्यावं?"

सरांनी जोडलेले हात सोडले नाहीत.

चहा झाला. सर हळूच म्हणाले की पुढच्या वर्षी एमएस्सीची प्रवेश परीक्षा आहे, सवितानं ती द्यावी, अभ्यास मी घेईन. मारोतराव म्हणाले, "माझं ना न्हाई. पण थोरला ऊसतोडीला गेलाय. मेंढरामागं हिच्याबिगर माणूस न्हाई. आता ती मेंढरं राखंल का शिकंल? ते तुमीच बघा."

"बघतो," सर म्हणाले.

आठवडाभरात त्यांचा निरोप समारंभ झाला. आम्ही सगळे भरभरून बोललो, त्या पेपरचा विषय अर्थातच कुणी काढला नाही. सर उठले, आणि सगळ्यांसमोर तो त्यांनीच काढला. चूक काय झाली, उत्तर काय हवं होतं, आणि एका पोरीचं वर्ष गेलं, एवढं सांगून खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला समजेना. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी एकटीच वाजवायला लागले.

सविता पुढच्या उन्हाळ्यात प्रवेश परीक्षा पास झाली. आज ती एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर यंदा गेले, झोपेतच गेले. मारोतराव आणि त्यांची बायको दोघंही आली होती, माणसांच्या मागं शेवटपर्यंत उभी होती. सविताची आई तिच्या खांद्यावर हात ठेवून होती, तो तिनं काढला नाही.

त्या दिवसापासून सर मला आठवतात ते एका हिवाळ्यातल्या दुपारचे. रिटायर होऊन त्यांना दीडदोन महिने झाले असतील. आम्ही घरची मंडळी धरण बघायला येलदरीला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला माळावर मेंढरं चरत होती आणि त्यांच्यामागं एक माणूस तारांबळ उडालेल्या अवस्थेत इकडून तिकडं धावत होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशाला पेन. मी गाडी थांबवायला लावली. त्यांना मेंढरं हाकता येत नव्हती. ते "ए, ए, इकडं ये," असं वर्गातल्या पोरांना बोलवावं तसं मेंढरांना बोलवत होते, आणि मेंढरं ऐकत नव्हती. थोड्या अंतरावर लिंबाच्या झाडाखाली, मेंढरांकडं पाठ करून, सविता पॅडवर मान घालून लिहीत बसली होती.

मी आनंदानं मोठ्यांदा हाक मारली, "सर!"

ते दचकले. ओठांवर बोट ठेवून घाईघाईनं रस्त्यापर्यंत आले. धापा टाकत होते, गोखरूचे काटे पँटला लागले होते. त्यांनी आधी झाडाकडं वळून पाहिलं, ती लिहीतच होती.

"हळू बोला, मॅडम," ते कुजबुजले. "पेपर चालू हाय. अजून अर्धा तास हाय तिचा."

तेवढ्यात दोन मेंढ्या शेजारच्या हरभऱ्यात शिरल्या, आणि सर घोंगडी सावरत, आवाज न करता, त्यांच्यामागं पळाले.